शुगर आहे? भाकरीचा हिशेब मशीनवर लावा

"ज्वारीची भाकर कितीही खा, शुगर वाढत नाही," असं गावोगाव सांगतात. साफ चूक. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हातही जवळपास तेवढीच. भाकर चांगलीच, पण मोजून.

अर्धं ताट पालेभाजी, वांगी, दोडके. वाटीभर घट्ट वरण किंवा चून (पिठलं). आणि 50 ग्रॅम पिठाची एकच भाकर. पीठ एकदा काट्यावर तोला, पुढे हाताला अंदाज येतो. आलूची भाजी भाकरीच्या खात्यात धरा. भंडारा-गोंदियाकडे भात सुटत नाही. मग वाटीभर भात, आणि त्या जेवणात भाकर नाही. चहातली साखर बंद. गूळसुद्धा साखरच.

खरं चुकतं ते घरच्या मशीनवर (ग्लुकोमीटर) शुगर तपासताना. सकाळच्या उपाशीपोटी आकड्यावरून रात्रीच्या दोन भाकरींनी काय केलं ते कळत नाही. एकाच जेवणाचे दोन आकडे घ्या: एक जेवणाआधी, दुसरा पहिल्या घासापासून दोन तासांनी. शेवटच्या घासापासून मोजलं तर वेळ सरकते आणि आकडा उगाच बरा दिसतो. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. संत्रं सोललेल्या बोटावरचा रस मशीन तुमच्या रक्ताच्या नावावर मांडते. ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, बोट पिळू नका. मशीनची पट्टी काढली की डबी लगेच बंद. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेल्या पट्ट्यांचा भरवसा धरू नका. फ्रिजमध्येही ठेवू नका.

डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली नसेल, तर दुसरा आकडा 180 च्या आत हवा. वर गेला तर दुसऱ्या दिवशी तेच जेवण, फक्त भाकर अर्धी. भाजी, भात, चहा सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते समजणार नाही.

रात्री जेवल्यावर 15 मिनिटं चाला, दिवसभर वावरात राबला असाल तरी.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर भाकर कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आकडा 70 च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा; अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आकडा वर आला की जेवून घ्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.