दिवाळीची कार्डं करायला बसण्याआधी

कोजागिरीला भुलाबाईची बोळवण झाली की त्यानंतरच्या रविवारी आमच्या छपरीत बारा पोरी दिवाळीची कार्डं करायला जमतात. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं लहानसं गाव आहे आमचं. महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणायला आणि खिरापत ओळखायला याच पोरी येत असतात, त्यामुळे वेगळं बोलावणं धाडावं लागत नाही. माणशी तीन, अशी छत्तीस कार्डं एका दुपारी होतात. पण ती दुपार नीट जायची तर आदल्या आठवड्यात काय काय हाताशी लावून ठेवायचं, ते इथे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी आम्ही सगळं त्याच दुपारी करायला घेतलं होतं. कागद कापणं, घड्या घालणं, नक्षी कापणं, सगळं तेव्हाच. साडेचार वाजले तरी कात्र्याच चालू होत्या. शेवटी घाईघाईने बाराही जणींनी आत ‘शुभ दीपावली’ एवढंच लिहिलं. बाहेरगावी नोकरीला असलेल्या भावाला बहिणीच्या हातचं कार्ड गेलं, पण त्यात बहिणीचं असं एकही वाक्य नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की कापाकापी आदल्या दिवशी संपलीच पाहिजे. त्या दुपारी फक्त शिक्के मारायचे, चिकटवायचं आणि लिहायचं.

सुरुवात कागदापासून करा, आणि दुकानात जाण्याआधी हिशेब मांडा. कार्डाच्या अंगाला २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा, जाड कागद घ्यावा. त्याहून पातळ घेतला तर कार्ड उभं राहत नाही आणि शिक्क्याची शाई मागे उमटते. ए-फोरचा एक कागद लांबीच्या मध्यावर कापला की दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साधारण १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं कार्ड होतं. छत्तीस कार्डांना अठरा कागद लागतात. मी वीस घेते, कारण घडी वाकडी जातेच एखादीची.

नक्षीचा कागद बहुतेक १२ इंची चौकोनात मिळतो, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. कार्डावर चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कड सोडायची म्हटलं तर आपल्याला ९.५ बाय १३.८ चा तुकडा हवा. आडवे तीन आणि उभे दोन असे एका कागदात सहा तुकडे बसतात, आणि छत्तीस कार्डांना सहा कागद पुरतात. कापून झाल्यावर एका बाजूला दोन सेंटिमीटरची आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ तीन सेंटिमीटरची पट्टी उरते. ती मुळीच फेकू नका. कार्डाच्या आत, मजकुराच्या खाली, तीच पट्टी किनार म्हणून फार देखणी दिसते, लुगड्याच्या काठासारखी.

नक्षीचा कागद विकतच आणला पाहिजे असंही नाही. लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचा गठ्ठा पडून असतो. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी, कधी मखमली पाठ, असा कागद दुकानात विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही. उन्हाळ्यापासूनच गोळा करायला लागा. फक्त पत्रिकेवरचा गणपती कापायच्या आधी वेगळा काढून ठेवा. घरातल्या थोरांना त्यावर कात्री चाललेली आवडत नाही, आणि मलाही नाही आवडत. कापणी मात्र तालुक्याच्या छापखान्यात करून घ्या. त्यांच्या कटिंग मशीनवर वीस कागदांचा गठ्ठा एका दाबात सरळ कापला जातो. आपण पट्टी आणि कटर घेऊन बसलो तर कोपरे कधी काटकोनात येत नाहीत, आणि एक कोपरा चुकला की वरचे सगळे थर तिरके बसतात.

घडीचं काम आदल्या रात्रीचं. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एका दिशेने धावतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, ज्या बाजूने तो निमूट वाकतो ती ग्रेनची दिशा. घडी त्याच दिशेला समांतर आली पाहिजे, नाहीतर घडीवर कागद तडकतो आणि पांढऱ्या भेगा दिसतात. ए-फोरचा ग्रेन लांबीच्या बाजूने असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कापल्यावर घडी आपोआप बरोबर येते. दुमडण्याआधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने मधोमध एक ओळ दाबून ओढा, मग दुमडा, आणि वरून चमच्याची पाठ फिरवा. गेल्या वर्षी रात्री अकराला मी चमचा घेऊन घड्या घालत होते, तर सासूबाई उठून आल्या. ‘काय करून रायली वं एवढ्या रात्री?’ म्हणाल्या, आणि मग स्वतःच दहा-बारा घड्या घालून गेल्या. त्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नेटक्या होत्या. पापड लाटून झालेला हात तो.

हातकागद वापरायचा असेल तर त्याची रीत वेगळी. आमच्या वर्धा जिल्ह्याला याची जुनी ओळख आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा पाहत, आणि तिथे चालवलेल्या उद्योगांत हातकागदही होता. तिथलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलं. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद कापसाच्या मुलखात व्हावा हे मला मनापासून आवडतं. या कागदाला ठरावीक ग्रेन नसतो, कारण लगदा जाळीवर उचलताना तंतू सगळीकडे पसरतात. म्हणून त्याची घडी कुठूनही घाला. पण पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे बारीक रेषांचा शिक्का त्यावर तुटक येतो. त्यासाठी ठसठशीत शिक्केच ठेवा.

शिक्क्यांचं म्हणाल तर बाजारात दिवे, तोरणं, फुलं यांचे पारदर्शक शिक्के मिळतात, ते अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरायचे. नवा शिक्का असेल तर आदल्या दिवशी त्यावरून खोडरबर हलकेच फिरवून घ्या. त्याच्यावर गुळगुळीत थर असतो, तो निघाल्याशिवाय शाई थेंबाथेंबाने गोळा होते. हे शिक्के उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात आणि कडक होतात. पण कपाशीचं बोंड, खांदा उंच असलेला बैल, संत्र्याची फांदी, हे आपलं काही त्या पाकिटांत मिळत नाही. ते स्वतः कोरावं लागतं. पाच रुपयांचं मोठं खोडरबर घ्यायचं, त्यावर पेन्सिलीचं चित्र उलटं उतरवायचं आणि ब्लेडने बाजूचा भाग काढायचा. बोंड सगळ्यांत सोपं. फुगलेल्या चार पाकळ्या, खाली वाळलेल्या टरफलाची टोकं आणि देठ. पाकळ्यांच्या मध्ये जी रेघ असते तीच खोल कोरायची, बाकी काही करायचं नाही. ब्लेड पोरींच्या हाती देऊ नये, म्हणून हेही आधीच करून ठेवते.

शाईकडे मात्र सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण गेल्या वर्षी इथेच मोठं नुकसान झालं. शाई मुख्यतः दोन तऱ्हेची. डाय शाई कागदात मुरते आणि लवकर वाळते. पिगमेंट शाई दाट, वर बसते, रंग खुलून दिसतो, पण वाळायला वेळ घेते, आणि गुळगुळीत चकचकीत कागदावर तर वाळतच नाही म्हटलं तरी चालेल. मी सोनेरी पिगमेंट शाई आणली होती आणि पोरींनी ती लग्नपत्रिकांच्या चकचकीत तुकड्यांवर मारली. दिसत होतं सुंदर. संध्याकाळी मी सगळी कार्डं एकावर एक रचून ठेवली. सकाळी अकरा कार्डं एकमेकांना चिकटलेली. सोडवताना सोनेरी दिवे अर्धे इकडे, अर्धे तिकडे. त्यातलं एक सहावीतल्या मुलीने वडिलांसाठी केलेलं होतं. ते कामासाठी परमुलखात असतात, दिवाळीलाही येणार नव्हते. तिने दुसरं केलं, पण पहिल्यात जे लिहिलं होतं ते तिला तसंच पुन्हा लिहिता आलं नाही. तेव्हापासून चकचकीत कागदावर शिक्का मारायचा नाही हा नियम. शिक्का साध्या कागदावर, चकचकीत कागद त्याच्या मागच्या चौकटीला. आणि वाळवायला छपरीत सुतळी बांधून ठेवायची, कपड्याच्या चिमट्यांसकट. सरकारी कामाचा जांभळा शाईपॅड घरात असेल तर तो नको. मऊ कागदावर ती शाई फुटते.

शिक्का मारायचा सराव आधी रद्दीवर. खाली जुन्या वर्तमानपत्राची चार पानं घालून थोडी मऊ गादी करा. पॅडवर शिक्का घासू नका, टपटप टेकवा. मग सरळ खाली, तळहाताने दाब, तीन मोजा, आणि सरळ वर. ठोकळा डोलवला की कडेला सावली उमटते. पुसायला ओलं सुती फडकं दोघींत एक.

डायने कागद कापायचं हातमशीन माझ्याकडे एकच आहे, दांडा फिरवायचं. डाय म्हणजे इथे धातूचा धारदार साचा, वरच्या डाय शाईशी त्याचा संबंध नाही. वीज लागत नाही, म्हणून भारनियमनाची भीती नाही. उष्णतेने फुगणारी एम्बॉसिंग पावडर आम्ही याच कारणाने ठेवली नाही. डाय घेताना माप बघा. परदेशी मापाच्या चौकटी ४¼ बाय ५½ इंचाच्या कार्डासाठी केलेल्या असतात, म्हणजे १०.८ बाय १४ सेंटिमीटर. ती मोठी चौकट आपल्या साडेदहाच्या कार्डाबाहेर जाते. ४ बाय ५¼ इंचाची बरोबर बसते. मी आधी हे पाहिलं नव्हतं, आणि पहिली मागवलेली चौकट अजून तशीच पडून आहे.

मशीनमधून जाताना डायची धारेची बाजू कागदाकडे हवी. वर आणि खाली पारदर्शक पट्ट्या. चौकट रुळांच्या समोर सरळ ठेवू नका, जरा तिरकी ठेवा, म्हणजे लांब धार एकदम दाबाखाली येत नाही आणि दांडा अडत नाही. पट्ट्या दर खेपेला उलट्या करा, नाहीतर त्या धनुष्यासारख्या वाकतात. जाळीदार नक्षी असेल तर डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा घाला. त्याने कागद डायमध्ये अडकत नाही, बारीक तुकडे टाचणीने सहज निघतात. पट्ट्या रुळांखालून जाताना करकर असा आवाज येतो, नव्या पोरी घाबरतात. आवाज येणारच, हे आधी सांगून ठेवा. दिव्यांचे बहात्तर आणि पानांचे शंभर-सव्वाशे तुकडे मी शनिवारीच कापून आगपेट्यांमध्ये भरते.

बाकीचं पटकन सांगते. डबल साइड टेप दोन रीळ, फोम टेप एक, फेविकॉल थोडा आणि तोही काडीने लावायचा. पट्ट्या, पेन्सिली, कात्र्या सहा. बसायला सतरंजी, प्रत्येकीपुढे पाट. पंखा बंद, नाहीतर कापलेली पानं घरभर होतात. फराळ शेवटी आणि हात धुऊनच. चिवड्याचं तेल कागदावरून जात नाही.

मजकुरासाठी एक जुनी वही मी मुद्दाम काढून ठेवते. त्यात ‘तीर्थरूप आबाजी यांना शि. सा. न. वि. वि.’ असं कसं सुरू करायचं, मामाजींना काय, मोठ्या माईला काय, लहान भावाला ‘चि.’ कसं, ते लिहिलेलं आहे. पोरींना हे शाळेत फारसं येत नाही, पण एकदा सांगितलं की फार आवडतं. त्याखाली मात्र स्वतःचं लिहायचं. काय लिहू असं विचारलं तर मी विचारते, ‘या वर्षी तुझ्या घरी असं काय झालं, जे त्यांनी पाहिलं नाही?’ गेल्या वर्षी एकीने लिहिलं होतं, ‘आपली कपिला व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे.’ त्यासाठी पाऊण तास राखून ठेवा. एक ते साडेतीन शिक्के आणि चिकटवणं, मग सुतळीवर कार्डं वाळतात तोवर कच्च्या कागदावर मजकूर, आणि तो पाहून झाला की मगच कार्डात.

पाकिटं घरीच होतात. ए-फोरमधून साडेएकोणीस सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, कार्ड त्यावर तिरकं, मधोमध ठेवायचं आणि चारी टोकं आत दुमडायची. ८० जीएसएमच्या कागदाचं असं पाकीट तीन ग्रॅम भरतं. कार्ड जवळजवळ आठ ग्रॅम, नक्षीचा तुकडा दोन-अडीच. २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट लागतं. फोम टेपवर तीन-तीन थर चढवले की वजन वीसच्या पुढे जातं, म्हणून किराणा दुकानाच्या काट्यावर एक नमुना आधी तोलून पाहा. पत्ते आठवडाभर आधी मागवून घ्या, पिनकोडसकट. विदर्भातले पिन ४४ ने सुरू होतात, वर्ध्याचे ४४२, यवतमाळचे ४४५. पुण्या-मुंबईचा पत्ता मोबाइलवर मागवला तर पिन बरेचदा गाळलेला असतो, तो पुन्हा विचारून घ्या. वसुबारसेच्या आधी कार्ड पोचावं असं वाटत असेल तर सोमवारी सकाळीच टपालात पडायला हवं.

आणि दोन कोरी कार्डं, घडी घातलेली, दोन पाकिटांसह बाजूला ठेवा. दिवेलागणीला एखादी पोर वेचणीवरून उशिरा येते आणि दाराशी उभी राहून विचारते, संपलं का वैनी?