इमर्जन्सी लाइटच्या बॅटऱ्या अकाली का मरतात? या चुका टाळा

रात्री साडेआठला ऑफिस रिकामं होतं, वॉचमन मजल्यावरचा लायटिंगचा एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा स्विच) पाडतो आणि वीज गेली समजून जिन्यातली इमर्जन्सी लाइट लागते. कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. पण बॅटरी पार रिकामी होईपर्यंत ती तशीच जळत राहते, आणि हे रोज. रिकामी बॅटरी पूर्ण भरायला बऱ्याच लाइट्सना चोवीस तास लागतात. त्याआधीच पुन्हा संध्याकाळ होते. काही महिन्यांत बॅटरी मरते आणि आपण कंपनीला दोष देतो.

यावर काही जण लाइटला चोवीस तास चालू असणारी वेगळी लाइन देतात. तीही चूकच. जिन्याचा एमसीबी पडला तरी वेगळ्या लाइनवर वीज असतेच, मग इमर्जन्सी लाइटला काळोख झाल्याचं कळणार कसं? साध्या इमर्जन्सी लाइटला फेज, म्हणजे विजेची तार, त्याच जिन्याच्या एमसीबीवरून द्या, पण भिंतीवरच्या स्विचच्या आधी. रात्री दिवे स्विचने बंद करायचे, एमसीबीला हात लावायचा नाही. डीबीला, म्हणजे एमसीबी असलेल्या पेटीला, कुलूप लावा आणि वॉचमनला कारण समजावून सांगा. कारण कळलं की तो नक्की सांभाळतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे टेस्ट बटणावर विश्वास. बटण दाबून दिवा लागला, म्हणजे तो काही सेकंद लागतो एवढंच कळतं. नॅशनल बिल्डिंग कोडला बॅटरीवर किमान ९० मिनिटं प्रकाश हवा आहे. ठाण्यातल्या एका इमारतीत बटणावर सगळ्या लाइट्स लागल्या होत्या. मग एमसीबी पाडून घड्याळ लावलं, तर पंचवीस मिनिटांत दुसऱ्या मजल्याचं वळण काळोखात गेलं. लाइट उघडली तर आत बॅटरी फुगलेली, टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी धरल्यासारखी पूड. अशी चाचणी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्या, आणि एकाआड एक लाइटची, म्हणजे चार्जिंग होईपर्यंत जिना उघडा पडत नाही.

‘जनरेटर आहे ना’ हे उत्तर ऐकलं की मला खरोखर भीती वाटते. आग लागली की अग्निशमन दल आधी वीज तोडायला लावतं, आणि जनरेटरची केबल मुख्य विजेच्या केबलच्याच डक्टमधून (केबल नेणाऱ्या बंद मार्गातून) गेलेली असेल तर ती आधीच जळालेली असते. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. वीज गेल्यावर बाल्कनीत काळोख झाला होता आणि वाट दाखवणारे दिवे नव्हते.

बॅटरी बदलतानाही जपा. ३.६ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम पॅकच्या जागी ‘जवळपास तेवढीच’ म्हणून ३.७ व्होल्टची लिथियम बसवलेली मी पाहिली आहे. निकेल-कॅडमियमचा साधा चार्जर थोडाथोडा करंट सतत देत राहतो, बॅटरी भरली म्हणून थांबत नाही. लिथियमला हे झेपत नाही, ती पेटू शकते. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती तापलेल्या फॉल्स सीलिंगमध्ये कोंबू नका. तापमानातल्या दर १० अंश वाढीमागे तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा नीट चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. त्याच महिन्यांत ९० मिनिटांची चाचणी उरकून घ्या, आणि कोणती लाइट किती मिनिटं टिकली ते तिच्यावरच्या स्टिकरवर तारखेसह लिहा.