मोठा मासा तोडून जातो? गळ टाकणाऱ्यांनो, या चुका टाळा

नदीकाठी किंवा तलावावर नवा माणूस भेटला की दोनपैकी एक तक्रार ऐकू येते. एक तर 'इथे मासाच नाही', नाहीतर 'मोठा लागला होता, पण तोडून गेला'. पहिलीकडे नंतर येतो. दुसरी मला खरोखर लागते, कारण तोडून गेलेला मासा ओठात गळ आणि मागे हातभर तंगूस घेऊन फिरत राहतो. आणि हे बहुतेक वेळा टाळता येतं. त्यासाठी महागडा रॉड लागत नाही, सुरुवातीची दहा मिनिटं लागतात, आणि तेवढी द्यायची कुणाची तयारी नसते. सगळ्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या गळ पाण्यात हवा असतो.

तुटलेलं टोक बघितल्याशिवाय नवा गळ बांधू नका

दोरी तुटली की लोक चरफडत टोक कापतात आणि नवा गळ बांधायला घेतात. थांबा. ते टोक बोटांत धरून उजेडात बघा. टोक खरखरीत, पांढुरकं झालं असेल तर दोरी खडकावर किंवा बुडालेल्या बाभळीच्या खोडावर घासली आहे. अशा वेळी शेवटचा दोन-तीन हात भाग कापून टाकायचा आणि बसायची जागा बदलायची. टोक सरळ, स्वच्छ तुटलं असेल तर ताण जास्त झाला किंवा शिवड्यासारख्या दातवाल्या माशाने काम केलं. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नाही. तुमची गाठ सरकून सुटली. मला सर्वात जास्त हेच तिसरं टोक दिसतं.

एकदा भीमेच्या काठी आमच्याबरोबर एक तरुण मुलगा होता. पावसाळा सरून पाणी नितळायला लागलं होतं. त्याच्याकडे सगळं नवंकोरं होतं: रॉड, रील, ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोरी सुटावी ते ठरवणारा ब्रेक, त्याने शेवटपर्यंत पिळून ठेवला होता, मासा ओढून नेऊ नये म्हणून. मी म्हटलं, जरा सैल कर. तो म्हणाला, "आधी लागू तर द्या, काका, मग बघू." दुपार कलल्यावर लागला. रॉड कमानीसारखा वाकला, पण रीलमधून आवाजच नाही, कारण दोरी सुटायला वावच ठेवला नव्हता. मासा एकदा खोल पाण्याकडे वळला आणि रॉड सरळ झाला. मुलाने लगेच दोरीला आणि दुकानदाराला शिव्या घातल्या. मी टोक मागून घेतलं. छान वळलेलं होतं. त्याला म्हटलं, मघाशी बांधली होतीस तशीच गाठ पुन्हा बांध. त्याने बांधली: कोरडीच, तीनच वेढे, जाड नायलॉनला चालते तशी. गळ एका मुळीत अडकवून त्याला ओढायला लावलं आणि गाठ त्याच्या डोळ्यांसमोर सरकून सुटली. दोरी शाबूत होती. गाठ कच्ची असताना ड्रॅग ताठ ठेवला की पहिला जोराचा हिसका सगळा त्या गाठीवर येतो.

माझी सवय सांगतो. नायलॉनला क्लिंच गाठ: डोळ्यातून काढलेलं टोक दोरीभोवतीच पाच-सहा वेढे घालून डोळ्याजवळच्या फटीतून ओवायचं. ब्रेडेड दोरी गुळगुळीत असते, तिला पालोमार गाठ: दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, तयार झालेल्या फाशातून अख्खा गळ ओवायचा आणि मग आवळायची. दोन्ही गाठी आवळण्यापूर्वी ओल्या करायच्या. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने दोरी तापते आणि नेमकी गाठीतच कमजोर होते. टोक अगदी मुळाशी कापू नका, दोन-तीन मिलिमीटर राहू द्या. मग गाठ ओढून बघा. सुटायचीच असेल तर हातात सुटू द्या.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा. दोरी ६ किलोची असेल तर दीड ते दोन किलोच्या ओढीला ती रीलमधून सुटायला हवी. पिशवी तोलायचा साधा स्प्रिंगकाटा दोरीला लावून मी हे घरीच बघून घेतो. हाताच्या अंदाजावर विसंबू नका, अंदाज नेहमी जास्त ताठच लागतो. मासा पळतोय तोवर पळू द्या आणि त्या वेळी रील फिरवू नका. तो थांबला की रॉड वर उचला, रॉड खाली आणताना रील गुंडाळा. घाई करून माशाला काठावर फरफटत आणणाऱ्यांचे गळ सरळ झालेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

नायलॉन उन्हाने खराब होतं. गाडीच्या मागच्या काचेजवळ वर्षभर पडलेल्या रीलवर भरवसा ठेवू नका, हंगाम सुरू होताना दोरी बदला.

'इथे मासाच नाही'

आता पहिली तक्रार. असं म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, पाणी किती खोल आहे? उत्तर येत नाही. बूच, म्हणजे दोरीवरचं तरंगतं, हाताला येईल तिथे बांधलेलं असतं आणि दिवसभर तसंच राहतं. मत्स्यशेतीच्या कुठल्याही प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात की कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. कटल्याचं वर वळलेलं तोंड बघितलं तरी कळतं. मग तळाला चारा टिकवून कटल्याची वाट बघण्यात काय अर्थ आहे?

खोली मोजायला गळाला जड शिसं अडकवून सोडा. बूच बुडालं तर पाणी अजून खोल आहे, बूच वर सरकवा. आडवं पडलं तर खाली आणा. शेंडा जेमतेम दिसायला लागला की ती खोली. मृगळासाठी चारा तळाला टेकता ठेवा, रोहूसाठी तिथून हळूहळू वर या. अर्धा तास काही हललं नाही तर आधी खोली बदला, मग चारा, आणि जागा सर्वात शेवटी. नवे लोक बरोबर उलट करतात. दर वीस मिनिटांनी सामान उचलून पुढे जातात आणि जाताना काठावर पाय आपटत राहतात. उथळ पाण्यातल्या माशाला ती थरथर लगेच कळते.

बूच थरथरलं की झटका मारणं हा आणखी एक रोग. नुसती थरथर म्हणजे चिलापी किंवा बारीक मासळी चारा कुरतडते आहे. गळ आणि चारा दोन्ही लहान करा. बूच एका दिशेने ठामपणे चालू लागलं किंवा बुडत गेलं तर मनगटाने छोटा झटका द्या. बूच अचानक वर येऊन आडवं झालं तरीही द्या, कारण तळाच्या माशाने चारा शिशासकट उचललेला असतो.

हंगामाचंही भान हवं. मे महिन्यात पहाट आणि तिन्हीसांज, भर दुपारी सावलीत बसा. थंडीत उलट, ऊन चढल्यावरच मासा हलतो. तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. ते खाणार नाहीत, त्यांना त्रास देऊ नका.

बारीकसारीक

गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो: १० नंबर ४ पेक्षा बारीक. १/० पासून पुढे मात्र नंबराबरोबर आकारही वाढतो.

कणकेचा गोळा फेकताना उडून जातो? कापसाचे थोडे तंतू मिसळून मळा. गळाचं टोक मात्र गोळ्यात गाडून टाकू नका.

मासे जमवायला चाऱ्याचे गोळे फेकताना थोडे थोडे, पुन्हा पुन्हा टाका. टोपलीभर एकदम ओतलं की मासे पोट भरून निघून जातात.

मासा सोडणार असाल तर आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. टोचला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवा, मग डॉक्टरांकडे जा.

हे मासे धरू नका

पावसाळ्यात मरळीच्या नारिंगी पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो आणि काहींना वाटतं, नशीब उघडलं. आईबाप खालीच राखणीला असतात, घोळक्यात बेडूक टाकला की अंगावर येतात. ती भूक नसते, पिल्लांचं रक्षण असतं. पालक मरळ काढली की सगळी पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. असा मासा धरण्यात मला कसलंच कौशल्य दिसत नाही. पहिल्या पावसात ओढ्याला उलटे चढणारे मासेही तसेच, वलगणीचे म्हणा की चढणीचे. ते अंडी घालायला निघालेले असतात. त्यांना पोत्याने भरून नेणारेच जानेवारीत विचारतात, नदीतला मासा गेला कुठे.

धरणांच्या पुष्कळशा जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छिमार सहकारी संस्थांकडे असतो. मत्स्यबीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं, म्हणून विचारून बसा. देहूसारख्या ठिकाणी देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत, तिथे गळ काढूच नका.

धरणाखालच्या पात्रात बसताना, पाणी अचानक वाढलं तर काठावर परतायची वाट आधी बघून ठेवा आणि मधल्या खडकावर कधीच बसू नका. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून आधी काठ गाठा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, त्यामुळे वरून तारा जात असतील तर तिथे रॉड उघडूही नका.