फाट्यावरचा बसथांबा दिव्यांगांसाठी सोयीचा करताना या चुका टाळा

थांब्याचा ओटा ४५ सेंमी उंच आणि रॅम्प जेमतेम दीड मीटर लांब. असं काम ठिकठिकाणी दिसतं आणि ते वापरताच येत नाही. चढताना व्हीलचेअर मागे उलटू शकते, उतरताना आवरत नाही. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे ४५ सेंमी उंचीला रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. तेवढी जागा नसेल तर ओटाच १५ सेंमी उंच करा, त्याला १.८ मीटर पुरतात. मिस्त्रीला आकडे सांगून भागत नाही, उतार मोजून बघा. एक मीटरची पट्टी वरच्या टोकाला टेकवून लेव्हलमध्ये धरा. दुसऱ्या टोकाखाली ८ सेंमीपेक्षा जास्त फट दिसली, तर रॅम्प उभा झाला आहे.

रुंदी किमान १.२ मीटर सांगतात, पण खेड्यात हाताने चालवायची तीनचाकी जास्त असते आणि तिला वळायला बरीच जागा लागते. बांधण्याआधी फक्कीने आखणी करा आणि गावातली सर्वांत मोठी तीनचाकी त्यात वळवून बघा. मोटारसायकली अडवायला खांब रोवत असाल, तर त्यांच्यामधूनही ती निघाली पाहिजे.

विदर्भात खरा घात काळी माती करते. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं काँक्रीट तडकून खचतं. निदान ६० सेंमी माती काढून मुरूम भरा. १५-१५ सेंमीचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस (ठोकून दाबणं). एकदम भरलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात बसतो. काँक्रीटचं काम एप्रिल-मेमध्ये असेल तर ओली पोती टाकून किमान सात दिवस पाणी मारा, नाहीतर पृष्ठभाग भुसभुशीत राहतो. वर घोटाई नको, खराट्याने आडव्या रेघा ओढा.

रॅम्प आणि रस्त्याच्या सांध्यात दोन-तीन सेंमीची धार राहिली, तरी पुढची लहान चाकं तिथेच अडतात. रस्त्यावर नवा थर पडला की हा सांधा पुन्हा तपासायचा. नालीवरच्या जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि फट १२ मिमीपेक्षा मोठी नको. चाक किंवा पांढरी काठी अडकली की माणूस तोंडावर पडतो.

कठडा ७० आणि ९० सेंमी अशा दोन उंचींवर लावा. उघड्या लोखंडाला मे महिन्यात हात लावता येत नाही, म्हणून पत्र्याची सावली कठड्यापर्यंत न्या.

पायाला आणि काठीला जाणवणाऱ्या पिवळ्या गट्टूंची (उठावदार फरश्यांची) सरमिसळ अंध माणसाला फसवते. उभ्या रेघांचा गट्टू म्हणजे ‘पुढे चला’, ठिपक्यांचा म्हणजे ‘थांबा’. रेघांची पट्टी बसचं दार जिथे येतं तिथपर्यंत न्या आणि शेवटी ठिपके टाका. बस रोज त्याच खुणेवर थांबावी, हे आगारप्रमुखांशी आधी पक्कं करा.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, या कामाचा ठराव ग्रामसभेत मांडा. कंत्राटदाराचं अंतिम बिल निघण्याआधी एका तीनचाकीवाल्याला आणि एका अंध व्यक्तीला घरापासून बसच्या पायरीपर्यंत येऊ द्या. त्यांना जिथे थांबावं लागेल, ती जागा आधी दुरुस्त करून घ्या.