नक्षी कापडात कधी शिरली? आग्नेय आशियाची वस्त्रं वर्गात शिकवताना

आग्नेय आशियातली वस्त्रं शिकवायला घेतली की बहुतेक वेळा सुरुवात नक्ष्यांपासून होते. हा परांग, हा कावुंग, हा इंडोनेशियातल्या सुंबा बेटाचा घोडा, हा लाओसचा नाग. मुलं वहीत आकृत्या काढतात, रंगवतात आणि तास संपतो. कापड कुणी उलटून पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा पहिल्याच तासाला फळ्यावर एक प्रश्न लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका: नक्षी कापडात कधी शिरली? विणण्याआधी, विणताना, की विणून झाल्यावर?

धागे आधी बांधून रंगवले आणि मग विणले तर इकत. मलय-इंडोनेशियन भाषेत ‘इकत’ म्हणजे बांधणं. विणताना जरीचा जादा आडवा धागा घातला तर सोंगकेत. विणलेल्या कापडावर मेण लावून रंगवलं तर बाटिक. या भागातली बहुतेक नक्षीदार वस्त्रं या तीन खणांत बसतात. म्यानमारच्या अमरपुऱ्यातलं लुन्तया अचेइकही विणतानाच घडतं. ‘लुन्तया’ म्हणजे शंभर धोटे. लाटांसारख्या नक्षीतल्या प्रत्येक रंगाला वेगळा छोटा धोटा लागतो, म्हणून हे नाव.

पहिला तास: धागा उसवून पाहणं

चोवीस विद्यार्थी असतील तर चौघांचे सहा गट करा. प्रत्येक गटाला दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक टाचणी आणि साधारण १५ × १५ सेंटिमीटरचे चार तुकडे द्या: मेणाचं बाटिक, बाटिकसारखं छापलेलं कापड, इकत आणि जरीच्या जादा धाग्याचं विणकाम. तुकडे जुने, फाटके असले तरी चालतील. कडा मात्र उसवता यायला हवी.

आता प्रत्येक तुकड्यातून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून पांढऱ्या कागदावर ठेवायला सांगा. छापील कापडाच्या धाग्याचा रंग एकाच अंगाला असतो. धागा पिळून फिरवला की दुसरं अंग फिकट किंवा पांढरं दिसतं. बाटिकचे दोन्ही धागे आरपार रंगलेले असतात आणि दोन्हींवर रंगाचे तुटक पट्टे असतात. साध्या इकतमध्ये पट्टे एकाच दिशेच्या धाग्यावर येतात, दुसरा धागा एकरंगी निघतो. जरीचा धागा काढला तर नक्षी जाते, पण खालचं कापड शाबूत राहतं, कारण तो विणीचा भाग नसून वरून घातलेला पाहुणा असतो.

या तासाला नावं सांगू नका. मुलांनी आपल्या शब्दांत लिहू दे. ‘कडा पिसासारख्या फुटल्यात’ असं वाक्य वहीत आलं की इकत अर्धं शिकवून झालं.

बाटिक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

जावामध्ये हाताने काढलेल्या बाटिकला तुलिस म्हणतात, तांब्याच्या ठशाने मेण उमटवलेल्याला चाप. तुलिससाठी चांतिंग वापरतात: लाकडी दांडा, तांब्याची इवलीशी वाटी आणि तिला बारीक तोटी. ठसे एकोणिसाव्या शतकात आले आणि काम कितीतरी वेगाने होऊ लागलं. दोन्हींत मेण खरंच वापरलेलं असतं, त्यामुळे चापला ‘नकली’ म्हणू देऊ नका. नकली ते छापील.

बारा वर्षांखालच्या मुलांना गरम मेण देऊ नये. त्यांच्यासाठी खळ करा: अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी, दोन चहाचे चमचे तुरटीची पूड. गुठळ्या राहू न देता घोटून तोटीच्या बाटलीत भरा. नक्षी काढून रात्रभर वाळवा. खळ पाण्यात सुटते, म्हणून कापड रंगात बुडवू नका. कापडाचा रंग ब्रशने लावा. वाळल्यावर खळ चुरगाळून खरवडा. ही तडजोड नव्हे: पश्चिम जावाच्या बांतेन भागात सिंबुत नावाचं कापड तांदळाच्या खळीनेच करत.

मोठ्या मुलांसाठी मेण. चार भांड्यांत मिळून एक किलो पुरतं: अर्धा किलो पॅराफिन, अर्धा किलो मधमाशीचं मेण. नुसतं पॅराफिन ठिसूळ असतं, घडी पडली की तडकतं आणि भेगांतून रंग आत जातो. मधमाशीचं मेण लवचिक, पण महाग. तडकलेल्या रेषांची जाळी कित्येक वर्गांत ‘खऱ्या बाटिकची खूण’ म्हणून शिकवली जाते. मध्य जावाच्या बारीक तुलिस कामात ती उणीव समजतात.

मेण ११५ ते १२५ अंश सेल्सिअसवर ठेवा. त्यासाठी तापमान ठरवता येणारं विजेचं भांडं घ्या. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात मेण शंभर अंशांच्या आतच राहतं. ब्रशला तेवढं चालतं, चांतिंगची तोटी मात्र गोठते. मेणातून धूर दिसला की भांडं लगेच बंद. पेट घेतलाच तर झाकण घाला. पाणी कधीही ओतू नका. गरम मेणात पाणी पडलं की ते उसळून पेटतं मेण चौफेर उडतं. एका भांड्यापाशी सहापेक्षा जास्त मुलं नकोत, आणि मोकळे केस, लोंबत्या ओढण्या आधी बांधायला लावा.

कापड पातळ सुती हवं, ३० × ३० सेंटिमीटर. नव्या कापडात खळ असते. धुण्याचा सोडा घालून ते उकळून घेतलं नाही तर मेण आणि रंग दोन्ही वरच्यावर बसतात. नक्षी पेन्सिलीने फिकट काढा. चांतिंगची वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरा, तोटी कापडाला जेमतेम टेकवा आणि हात चालता ठेवा. कापडावरून उचलताना तोटी वर झुकवून खाली दुसऱ्या हातात चिंधी धरा, थेंब तिच्यात पडतो.

मेण बरोबर बसलं का, हे डोळ्यांनी कळतं. नीट मुरलेली रेष ओल्या डागासारखी पारदर्शक दिसते. रेष पांढरट आणि उठावदार असेल तर मेण थंड आहे: ते वरच बसलंय, रंग खालून शिरणार. रेष फुटून पसरत असेल तर मेण जास्त तापलंय. प्रत्येक मुलाने कापड उलटून पाहावं. मागे रेष दिसत नसेल तर त्याच रेषेवर मागून पुन्हा मेण फिरवावं. जावातल्या कारागीर बायकाही हेच करतात.

क्रमही तिथलाच ठेवा. आधी बाह्यरेषा, मग आतली भरण, म्हणजे इसेन: ठिपके, बारीक रेघा, खवले. शेवटी जो मोठा भाग पांढरा ठेवायचा तो ब्रशने झाकायचा. मुलं नेमकी इसेन टाळतात आणि कापड रिकामं दिसतं. तळहाताएवढ्या जागेत शंभर ठिपके घालायला सांगा. जावाची बाटिक इतकी भरगच्च का दिसते ते हाताला कळतं.

रंग थंड हवा, नाहीतर मेण वितळतं. म्हणूनच बाटिकचं आणि निळीचं जुनं जमतं: निळीचं पिंप गरम करावं लागत नाही. वर्गात थंड पाण्यातला रिअॅक्टिव्ह रंग सोपा. चोवीस तुकड्यांचं वजन साधारण २५० ग्रॅम धरलं तर ५ लिटर पाणी, ८ ग्रॅम रंग, २५० ग्रॅम मीठ. कापड आधी भिजवून घाला, वीस मिनिटं हलवा. मग ५० ग्रॅम धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि पाऊण तास ठेवा. खायचा सोडा घातलात तर रंग पक्का होत नाही आणि धुताना निम्मा वाहून जातो. सोडा पडल्यावर रंगाची ताकद काही तासांतच संपते, उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवून उपयोग नाही. रंगाची भुकटी शिक्षकाने मास्क लावून मोजावी. हातमोजे सगळ्यांना.

दोन रंग करायचे असतील तर फिका आधी, गडद नंतर. मेण काढण्याला जावात लोरोद म्हणतात: उकळत्या पाण्यात थोडा सोडा, त्यात कापड ढवळत राहायचं. मेण तरंगतं, थंड झाल्यावर त्याची चकती उचलून पुढच्या वर्षीसाठी ठेवा. हे पाणी गरम असताना मोरीत ओतू नका, नळी मेणाने तुंबते. वर्तमानपत्रात घालून इस्त्री केली तर मेण निघाल्यासारखं वाटतं, पण कापडात तेलकट कड राहते.

इकत: आधी कागदावर

इकतची कड पिसासारखी का दिसते, हे दहा मिनिटांत दाखवता येतं. कागदावर काळा समभुज चौकोन काढा, त्याच्या अर्ध्या सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा आणि प्रत्येक पट्टी एक-दोन मिलिमीटर वरखाली सरकवून चिकटवा. रंगवलेले धागे मागावर चढवताना असेच सरकतात. पट्ट्या उभ्या तर कडा वरखाली फुटतात: सुंबाचं हिंगी, मलेशियातल्या सारावाकच्या इबान लोकांचं पुआ कुंबू. हे उभ्या धाग्यांचं इकत. थायलंडचं मतमी आणि कंबोडियाचं सम्पोत होल आडव्या धाग्यांचं, त्यांच्या कडा डावीउजवीकडे फुटतात. यापुढे मुलं फोटो पाहूनही प्रकार ओळखतात.

मग धागा. एका चौकटीवर दोन काठ्या ३० सेंटिमीटर अंतरावर बांधा आणि २ मिलिमीटर जाडीचा सुती धागा दोन्हींभोवती ४० वेळा गुंडाळा. एका मुलाला २५ मीटर लागतो. दोन्ही टोकांशी एक वेगळा दोरा धाग्यांच्या खालीवर विणून घ्या; धाग्यांची ओळ तोच राखतो. हे विसरलात तर रंगवल्यावर हातात नुसता गुंता येतो.

वरचे आणि खालचे धागे एकत्र घेऊन चार-चार फेऱ्यांच्या जुड्या करा. जिथे पांढरं हवं तिथे प्लॅस्टिकच्या सुतळीची पट्टी एकावर एक चढवत आवळून गुंडाळा. बांधणी दीड सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको, रंग दोन्ही बाजूंनी थोडा आत शिरतोच. गाठ सुरगाठ हवी. घट्ट गाठ कात्रीने कापताना हमखास धागा तुटतो. दोन्ही थर एकत्र बांधल्यामुळे उलगडल्यावर नक्षी आरशातल्यासारखी दोनदा मिळते. हिंगीची दोन टोकं एकमेकांची प्रतिबिंबं का असतात, याचं उत्तर मुलांना इथे आपोआप सापडतं.

काठ्या काढून त्यांच्या जागी दोरे ओवा, बाटिकच्याच रंगात एक तास बुडवा, धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच बांधणी सोडा. ओली सोडली तर रंग पांढऱ्यात पाझरतो. विणताना बाणा, म्हणजे आडवा धागा, पातळ आणि गडद घ्या, शिवणाचा दोरा चालेल. बाणा जाड किंवा फिका घेतला की नक्षी धुक्यात गेल्यासारखी पुसट होते, आणि मुलांना वाटतं रंगवण्यात चुकलं. बाणा ओढून ताणे, म्हणजे उभे धागे, एकमेकांना भिडवा. पट्टी साधारण ८ सेंटिमीटर रुंद राहते.

फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावरच्या त’बोली बायकांचं त’नालाक याच प्रकारचं, पण धागा अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या पानदेठांचा. तो कातत नाहीत, तंतूला तंतू गाठीने जोडतात.

सोंगकेत: एक तास पुरे

जाड, मोकळ्या विणीचं कापड, बोथट सुई आणि सोनेरी दोरा द्या. आलेख कागदावर पुचुक रेबुंग, म्हणजे बांबूच्या कोंबाचा त्रिकोण, आधी चौकटी मोजून काढायला सांगा. मग सुईने पाच धाग्यांवरून, एकाखालून. मोकळा दोरा ८ मिलिमीटरपेक्षा लांब सोडला तर तो अंगठीत, बटणात अडकतो. हे भरतकाम नव्हे हेही सांगून टाका: इंडोनेशियातल्या पालेम्बांग किंवा मलेशियातल्या तेरेंगानूच्या मागावर हा धागा कापड विणत असतानाच घातला जातो.

नक्षी आता

तंत्र हाताखालून गेल्यावर अर्थ सांगितलेले टिकतात. परांग रुसाक ही तिरकी नक्षी योग्याकार्ता आणि सुराकार्ताच्या दरबारांत राजघराण्यासाठी राखीव होती. मेगामेंदुंग हे चिरेबोनचे ढग. पेकालोंगानचं जिलाम्प्रांग गुजरातच्या पटोळ्यावरून आलं. पटोळी मसाल्याच्या व्यापारात तिकडे पोचली आणि पिढीजात ठेवा म्हणून जपली गेली. त’नालाकच्या नक्ष्या स्वप्नात मिळतात असं त’बोली विणकरी मानतात. त्यांच्यातल्या लांग दुलाय यांना १९९८ साली फिलिपिन्स सरकारने राष्ट्रीय सन्मान दिला.

म्हणून मुलांना राखीव किंवा विधीच्या नक्ष्या उतरवायला लावू नका. रचना उसनी घ्या: परांगची तिरकी पुनरावृत्ती, इसेनची भरण, सारोंगचं, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या वस्त्राचं, अंग आणि त्यावर वेगळ्या नक्षीचं ‘डोकं’. आत भरायची आकृती त्यांची त्यांनी शोधावी. प्रत्येक कामाच्या चिठ्ठीवर ‘इंडोनेशियन डिझाइन’ असं मोघम नको. ‘पूर्व सुंबाच्या हिंगीची आरसा-रचना, उभ्या धाग्यांचं इकत, सुती’ इतकं नेमकं हवं.

शेवटच्या तासाला बालीतल्या तेंगानान गावच्या गेरिंगसिंगचा मोठा केलेला फोटो लावा आणि धागा उसवून पाहिला तर काय दिसेल, ते विचारा. ताणा आणि बाणा दोन्ही बांधून रंगवलेले, म्हणजे दोन्ही धाग्यांवर पट्टे. पहिल्या दिवशीच्या कसोटीने उत्तर येईल ‘बाटिक’. बहुतेक गट तेच लिहितात. मग कडांकडे बोट दाखवा: त्या उभ्याही फुटल्यात आणि आडव्याही.