पेडियाट्रिक्सच्या पीजींचं असेसमेंट करताय? या चुका टाळा

महिनाअखेर आली की पीजी, म्हणजे एमडी करणारे निवासी डॉक्टर, केलेल्या कामाची नोंद असलेल्या लॉगबुकांचा गठ्ठा घेऊन केबिनबाहेर उभे राहतात आणि आपण राऊंड, ओपीडी, मीटिंग यातनं वेळ काढून धडाधड सह्या ठोकतो, सगळ्यात मोठी चूक हीच आहे बघा. जे काम डोळ्यांनी बघितलंच नाही त्यावर सही कशाची करायची? एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पीजी नियमांनी कॉम्पिटन्सीवर, म्हणजे प्रत्यक्ष काम करता येण्यावर, भर दिलाय, पण कॉम्पिटन्सी दिसते बेडजवळ, केबिनमध्ये नाही.

वैद्यकीय शिक्षणातल्या जॉर्ज मिलरनं १९९० मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा पिरॅमिड बहुतेकांना पाठ असतो, माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो आणि शेवटी रोजच्या कामात खरंच करतो. थिअरी आणि केस प्रेझेंटेशन खालच्या दोन पायऱ्यांवरच थांबतं. साधं श्वास मोजणं घ्या. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे फास्ट ब्रीदिंग, हे कुठलाही जेआर वन (पहिल्या वर्षाचा पीजी) झोपेतनं उठवलं तरी सांगेल. वॉर्डात मात्र तोच रडणाऱ्या बाळाचं झबलं वर न करता पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतो. हे तुम्हाला शेजारी एक मिनिट उभं राहिल्याशिवाय कळणारच नाही.

'वेळ कुठाय सर' हे सगळेच म्हणतात आणि ते खोटं पण नाही, पावसाळ्यात कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलची ओपीडी बघितलेल्याला गर्दी काय असते ते सांगायला नको. पण मिनी-सीईएक्सला, म्हणजे पीजी पेशंट बघत असताना शेजारी उभं राहून केलेल्या छोट्या असेसमेंटला, १५-२० मिनिटंच लागतात आणि त्यात अख्खी केस बघायची गरज नसते. एक पेशंट, एक तुकडा. फक्त हिस्टरी बघा, नाहीतर आईला ओआरएस कसं समजावतो तेवढंच बघा. ऑल इंडिया कोट्यातनं आलेल्या पीजीला मराठी येत नाही म्हणून हा भाग सोडून देतात काही जण, असं करू नका. राधानगरी-गगनबावड्याकडनं आलेल्या आईला मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं, ग्लासात चिमूट चिमूट नाही, हे पोचलं का? सिस्टरची मदत घेऊ दे की, पण शेवटी आईकडनं परत वदवून घेतलं का ते बघा.

मार्कांचं तर विचारूच नका, नऊच्या स्केलवर सगळ्यांना सात. सातपासून पुढं म्हणजे अपेक्षेपेक्षा सरस, मग तिसऱ्या महिन्यातल्या पीजीला एलपीला (पाठीच्या कण्यातनं सुईनं पाणी काढण्याला) आठ दिले तर शिकायचं राहिलं काय? त्यापेक्षा स्वतःला विचारा, याला मी शेजारी असताना करू देईन, हाक मारली की पोचेन एवढ्या अंतरावर असताना करू देईन, की रात्री एकट्याला करू देईन? आणि 'वीस एलपी झाल्या' या आकड्यावर भुलू नका, ग्लोव्हज घातल्यावर हात कुठं कुठं लागला ते आकड्यात दिसत नाही.

फीडबॅक लगेच द्या, आईसमोर नको, आणि नेमका द्या. 'चांगलंय, वाचत जा' यातनं कुणाला काही मिळत नाही.

एकट्या गाईडचं मत पण पुरत नाही, एकाच माणसाच्या नजरेत लाडका-नावडता येतोच. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या सरांनी-मॅडमनी बघायला पाहिजे. एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) नाईटच्या सिस्टरना विचारा, कोण हात धुतो आणि कोण हाक मारल्यावर लगेच येतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त सगळ्यांची मतं एकत्र करून, नाव न सांगता पोचवा, नाहीतर उद्या कुणी खरं बोलणार नाही.

आणि पेशंट पीजीला निवडू देऊ नका, तो सोपाच आणणार, विशेषतः त्याच मार्कांवर पास-नापास ठरतंय असं वाटलं तर. शिकण्यासाठीचं बघणं आणि परीक्षा वेगळी ठेवा, आणि कुणी मागं पडतंय असं दिसलं तर पहिल्या सहा महिन्यांतच बसून बोला, थिसिस सबमिट करायच्या वेळेला कळून त्या पोराला काय उपयोग?