बिनरीलची फोल्डिंग काठी चिलापी (तिलापिया) माशासाठी कशी जोडायची

भाऊ, रील नाही, गिअर नाही, एकात एक सरकणाऱ्या कांड्यांची एक फोल्डिंग काठी आणि तिच्या टोकालाच बांधलेला तंगूस, म्हणजे मासे धरायचा बारीक नायलॉनचा धागा, एवढ्यावर धरणाच्या काठावर अख्खी सकाळ भरपूर मासे निघतात. अमेरिकेत ह्या काठीने क्रॅपी नावाचा मासा धरतात. तो तिकडचाच, आपल्या तापी-गिरणेत नाही मिळत. पण तो बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत गोळा होऊन राहतो, आणि आपल्याकडे जळगावात वाघूर नाहीतर हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पाण्यात उभ्या बाभळी दिसल्या की चिलापी पण मला तिथेच सापडते, म्हणून ही पद्धत आपल्याला चांगली लागू पडते. दुरून फेकलेला गळ फांदीत अडकतो, लांब काठीने मात्र तो दोन फांद्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात सरळ वरून सोडता येतो. सगळा फायदा ह्याच्यातच आहे.

काठी मोठ्या माणसाला 12 फूट, पोराला 8-10 फूट बस झाली. 15 च्या वर गेलं की हात भरून येतो आणि वाऱ्यात टोक थरथरतं. फायबरची थोडी जड असते पण आपटली-धोपटली तरी टिकते, कार्बनची हलकी पण नाजूक, पहिली काठी फायबरचीच घे.

उघडताना टोकाची बारीक कांडी आधी बाहेर काढायची, ती हलकी पिळून घट्ट झाली की मग पुढची, असं करत बुडाच्या जाड कांडीपर्यंत यायचं. झटका देऊन एकदम उघडू नको, कांड्या एकमेकीत अशा जाम होतात की मग निघत नाहीत. बंद करताना बरोबर उलटं, जाड कांडी पहिले आत, टोक सगळ्यात शेवटी. मी पहिल्या काठीचं टोक आधी आत ढकलायला गेलो आणि ते बोटातच मोडलं, इतकी बारीक असते ती कांडी, तेव्हापासून घरी कोणी काठीला हात लावला की हेच आधी सांगतो.

आता तंगूस. टोकाला दोनतीन इंचाची मऊ दोरी चिकटवलेली असते, तिच्या शेवटी एक साधी गाठ मार. तंगुसाच्या टोकाला छोटा फास कर, फासातून तंगूस परत ओढून सरकता फास बनव, तो त्या दोरीवर गाठीच्या मागे चढवून आवळ. गाठ असल्यामुळे सुटत नाही आणि काढायचा असेल तेव्हा फास ढिला केला की झालं.

लांबीवर खरं लक्ष दे. 12 फुटाच्या काठीला तंगूस 11 ते साडेअकरा फूट ठेव, म्हणजे काठी उभी केली की मासा झुलत सरळ हातात येतो. काठीपेक्षा लांब ठेवला तर गळ डोक्यावरून मागे जातो, तिथे पोरगं बसलेलं असलं तर त्याच्या डोळ्याला धोका. बाभळीच्या अगदी गर्दीत गळ सोडायचा असेल तर 5-6 फूट पण पुरतो. जाडी 0.20 मिलिमीटरच्या आसपास बस. रील नाही म्हणजे कटल्यासारख्या मोठ्या माशाला सोडायला जास्तीची दोरी पण नाही, मग तंगूस तुटलेला परवडला, टोक मोडलेलं नाही परवडत, म्हणून जाड तंगूस लावायचा मोह टाळ.

गळ 8 किंवा 10 नंबर, नंबर जितका मोठा तितका गळ लहान हे दुकानात लक्षात ठेव. तंगूस गळाच्या डोळ्यातून, म्हणजे वरच्या भोकातून घालून तंगुसाच्याच भोवती पाचसहा वेढे, मग टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि परत मोठ्या वेढ्यातून काढ, थुंकीने ओलं कर आणि सावकाश आवळ. कोरडी गाठ आवळली की तंगूस घासून कमजोर होतो. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा मणी दाब. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, बारीक घे, दादर ज्वारीच्या धांड्याचा सोललेला तुकडा पण चालतो, पण शिसं एवढं लाव की फ्लोटचं फक्त टोक पाण्यावर दिसेल. चिलापी गळ हळूच तोंडात घेते, जाड फ्लोट हलत पण नाही आणि ती चारा खाऊन निघून जाते.

इथे तिकडची पद्धत जशीच्या तशी घेऊ नको. क्रॅपी वर बघून खातो म्हणून तिकडे गळ त्याच्या डोक्याच्या वर ठेवतात, चिलापी बऱ्याचदा तळातलं शेवाळ-गाळ चरते, म्हणून आपला गळ तळाच्या वर वीतभर ठेवायचा. चाऱ्याला गांडूळ, नाहीतर कणकेचा गोळा, त्याच्यात कपाशीच्या बोंडातला चिमूटभर कापूस पिंजून मळ, गोळा पाण्यात लवकर सुटत नाही.

फ्लोट बुडाला की नुसतं मनगट वर, हात पूर्ण झटकू नको. काठी तिरपी उभी ठेव म्हणजे ती वाकून मासा थकवते. गळ फांदीत अडकला तर काठीने ओढू नको, रुमालात तंगूस धरून हाताने ओढ. चिलापी काढताना डोक्याकडून हात फिरवून पाठीचा पर चपटा करून धर, काटे जोरात टोचतात.

आणि भो, काठी उघडायच्या आधी वर बघ. नदीकाठी शेतातल्या मोटारींच्या तारा खाली लोंबत असतात, कार्बनमधून करंट जातो, ओली फायबर पण भरवशाची नाही. ढग गडगडायला लागले की काठी खाली ठेवून निघायचं. धरणाच्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, बसायच्या आधी त्यांना विचारून घे.

घरी आल्यावर बुडाचं झाकण काढ, कांड्या सुट्ट्या करून फडक्याने पूस आणि सावलीत वाळू दे, गाळाचा एक कण राहिला तरी पुढच्या वेळी कांडी अडकते. तंगूस पुठ्ठ्याला गुंडाळून ठेव, गळ पुठ्ठ्यात टोचून.